तयारी झाली म्हणता, पण एकदा चालवून बघितली का?

साखरा (ता. सेनगाव) : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाच्या तारखा जाहीर झालेल्या आहेत. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरं ३१ ऑगस्ट, आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर व त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर २०२७ ला. आपल्या हिंगोली जिल्ह्यातून जाणाऱ्यांची संख्या यावेळी जास्तच राहणार. २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीहून सुटते आणि ती नाशिकवरूनच जाते. म्हातारे आई-बाप म्हणतील, एवढं एक स्नान घडवून आण.

बातम्या रोज येतात. इतक्या कोटींचे रस्ते, इतके घाट, इतके कॅमेरे. 'तयारी अंतिम टप्प्यात' हा मथळा तर आम्हा वार्ताहरांच्या तोंडपाठ झालेला आहे. पण तयारी होणं वेगळं आणि ती तयारी पूर्ण भार टाकून चालवून बघणं वेगळं. पहिल्या गोष्टीचे फोटो निघतात, दुसरीचे निघत नाहीत. माणसं जातात ती दुसरी गोष्ट राहून गेल्यामुळं. म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

पेरणीआधीचे शंभर दाणे

शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. २०२० चा खरीप आठवा. सोयाबीनच्या बॅगा घरात होत्या, खत होतं, पाऊसही वेळेवर होता. म्हणजे तयारी शंभर टक्के. पेरलं, आणि मराठवाड्यात कित्येक शेतांत उगवलंच नाही. तक्रारींचा एवढा ढीग पडला की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

त्यानंतर घरोघर उगवण चाचणीची सवय वाढली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीनं शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवडाभरानं मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीलायक. कमी उगवले तर प्रमाण वाढवा नाहीतर बियाणं बदला. खर्च म्हणाल तर शंभर दाणे आणि एक जुनं पोतं. फायदा म्हणाल तर आख्खा हंगाम.

बॅगेवरच्या लेबलवर विश्वास ठेवणं ही तयारी झाली. त्याच बॅगेतले दाणे मोजून उगवून बघणं ही चाचणी. सरकारी कार्यक्रमात, जत्रेत, सप्ताहात आपण बहुतेक वेळा लेबल वाचून पेरतो.

आपल्या गावात होणारी एक खरी चाचणी

सरकारी यंत्रणेला चाचणी जमत नाही असं नाही. एक चाचणी प्रत्येक निवडणुकीत आपल्याच शाळेच्या खोलीत होते. फक्त ती पहाटे होते, म्हणून बघणारे कमी.

२० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा घ्या. मतदान सकाळी ७ वाजता सुरू झालं. पण त्याच्या दीड तास आधी, पहाटे साडेपाचला, केंद्रावर अभिरूप मतदान म्हणजे मॉकपोल असतो. उमेदवारांचे पोलिंग एजंट समोर बसतात. किमान ५० मतं टाकली जातात. प्रत्येक उमेदवाराला आणि 'नोटा'ला सुद्धा. कोणी कुणाला किती टाकली याची नोंद कागदावर ठेवतात. मग मशीन बंद करून निकाल काढतात, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात आणि तिन्ही आकडे जुळवतात. जुळले की मशीनमधली मतं पुसून शून्य दाखवतात, चिठ्ठ्या शिक्का मारून वेगळ्या पाकिटात बंद करतात, सह्या घेतात, मशीन सील करतात. मगच खरं मतदान.

ही काही पहिली चाचणी नसते. त्याच्या कितीतरी आधी जिल्ह्याच्या गोदामात कंपनीचे इंजिनिअर पक्षांच्या प्रतिनिधींसमोर एक-एक मशीन तपासतात. उमेदवारांची यादी पक्की झाली की मतपत्रिका बसवताना पुन्हा तपासणी होते, आणि त्यातल्या पाच टक्के मशीनवर प्रत्येकी हजार मतं टाकून बघतात. म्हणजे तीन पायऱ्या झाल्या. आधी कोरं मशीन, मग तयार मशीन, शेवटी खऱ्या जागेवर खऱ्या माणसांच्या हातात.

निवडणूक कोण जिंकलं, मशीनबद्दल कुणाचं काय मत आहे, तो वाद आज बाजूला ठेवा. चाचणीची पद्धत म्हणून याच्यात पाच गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

एक, जे वापरायचं तेच तपासायचं. नमुन्याचं मशीन नाही, त्या केंद्राचंच मशीन.

दोन, उत्तर आधीच माहीत असलं पाहिजे. कागदावर लिहिलेलं आणि मशीननं सांगितलेलं जुळतं का, हे बघायचं. 'दिवा लागला, म्हणजे चालू आहे' एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

तीन, ज्याला शंका आहे तोच साक्षीदार. विरोधी उमेदवाराचा एजंट समोर बसलेला असतो.

चार, बिघडलं तर लगेच बदलायला दुसरं तयार. मॉकपोलमध्ये मशीन बंद पडलं तर कुणाची नाचक्की होत नाही, राखीव मशीन येतं. चाचणीत बिघाड सापडला तर चाचणी यशस्वी झाली, हे इथं सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

पाच, चाचणी झाली की साफसफाई. हे पाचवं लई महत्त्वाचं. कधीकधी मॉकपोलची मतं पुसायचीच राहून जातात आणि मोजणीच्या दिवशी आकडा जुळत नाही. अशा केंद्राचं काय करायचं यासाठी आयोगाला वेगळा नियम करावा लागला. चाचणी अर्धवट सोडली तर तीच नवा घोळ करते, एवढं त्यातून कळतं.

सगळं होतं, सांधा निखळला

आता दुसरी बाजू.

२७ ऑगस्ट २००३. नाशिकचा सिंहस्थ. रामकुंडाकडं जाणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद रस्त्यावर गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पोलीस होते, बॅरिकेड होते, स्नानाच्या वेळा ठरलेल्या होत्या. पण पुढून साधूंची मिरवणूक, मागून लोटत येणारी गर्दी आणि मधी अडवून धरलेली माणसं, हे तिन्ही एकाच वेळी एकाच बोळीत आल्यावर काय होतं, हे त्या दिवशीच दिसलं.

२५ जानेवारी २००५. सातारा जिल्ह्यातलं मांढरदेव. काळूबाईच्या यात्रेत जवळपास ३०० माणसं मेली. चढाचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरडी झालेली वाट, वरून दुकानांना आग. यातली एकही गोष्ट नवी नव्हती. दरवर्षी नारळ फुटत होते, दरवर्षी दुकानं लागत होती. सगळं एकत्र आलं तर बाहेर पडायला वाट किती, हे मोजलेलं नव्हतं.

१६ एप्रिल २०२३. खारघरचा महाराष्ट्र भूषण सोहळा. मोठमोठे पडदे, ध्वनियंत्रणा, बसगाड्या, सगळं होतं. लाखो माणसं उन्हात बसली आणि उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. व्यासपीठाची तपासणी शंभर वेळा झाली असेल. त्याच वेळेला, त्याच मैदानात दोन तास बसून बघायचं राहून गेलं.

१५ फेब्रुवारी २०२५. नवी दिल्ली रेल्वे स्टेशन. प्रयागराजच्या महाकुंभाला निघालेल्या गर्दीत १८ मृत्यू. एकसारख्या नावाच्या दोन गाड्यांच्या घोषणेनं लोकांचा गोंधळ उडाला, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी, २९ जानेवारीला, खुद्द प्रयागराजला मौनी अमावस्येच्या पहाटे सरकारी आकड्यानुसार ३० भाविक गेले होते.

या सगळ्या घटनांत एक गोष्ट सारखी आहे. सुटे भाग ठीक होते. भोंगा चालू होता, गाडी वेळेवर होती, पोलीस जागेवर होता. निखळला तो सांधा. बैलगाडीचं चाक मजबूत, जू मजबूत, पण आखाची खीळ कुणी बघितली नाही, तशातली गत. आणि सांधा कागदावर कधीच दिसत नाही. तो भार पडल्यावर दिसतो.

२०१५ चा धडा उलटा होता

२००३ चा धसका घेऊन २०१५ च्या सिंहस्थात नाशिकला कडक बंदोबस्त लागला. इतका कडक की २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला भाविकांना किलोमीटरच्या किलोमीटर पायी चालावं लागलं, शहरातले लोक घरात अडकल्यासारखे झाले आणि टीकेची झोड उठली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला नियोजन सैल केलं. सुदैवानं २००३ सारखं काही घडलं नाही.

पण याचा अर्थ असा की पहिली पर्वणी हीच चाचणी ठरली. आणि चाचणीचा त्रास काढला तो वयस्कर वारकऱ्यांनी.

त्याच सिंहस्थात एक चांगला प्रयोगही झाला होता. मूळचे नाशिकचे संशोधक रमेश रासकर यांच्या पुढाकारानं कुंभथॉन नावाचा उपक्रम चालला. त्यात नाशिकच्या पोरांनी पायाच्या दाबावरून माणसं मोजणारी चटई तयार केली. रस्त्यावर टाकायची, वरून किती पावलं गेली ते कळतं. किती आले ते मोजल्याशिवाय किती मावतील ते सांगता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्यामागं होती.

२ ऑगस्ट २०२७ साधा दिवस नाही

पहिलं अमृतस्नान सोमवारी येतं, म्हणजे सोमवती अमावस्या. त्यात त्याच दिवशी दुपारनंतर आपल्याकडं खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. आपल्या लोकांची रीत आपल्याला माहीत आहे. ग्रहण लागताना एक स्नान, सुटल्यावर एक स्नान. एरवी सकाळी अंघोळ करून परतीला लागणारा भाविक त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोदाकाठी थांबणार. म्हणजे जाणारे कमी आणि येणारे तेवढेच. वर पावसाळा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं तर रामकुंडाची पातळी वाढते, हे नाशिककर दर पावसाळ्यात बघतात. गर्दी, ग्रहण आणि पाणी हे तिन्ही एका दिवशी आलं तर? हा प्रश्न आजच विचारायचा आहे.

आता कुणी म्हणेल, लाखो लोकांची चाचणी घेणार कशी? माणसं आणणार कुठून? बरोबर आहे. पूर्ण गर्दी उभी करता येत नाही. पण नाशिककडं त्याची सोय आयती आहे. श्रावणात त्र्यंबकेश्वरला, त्यातल्या त्यात तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला प्रचंड गर्दी असते. पौष महिन्यात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात. सिंहस्थाचे रस्ते, सिंहस्थाचे वाहनतळ, सिंहस्थाचा नियंत्रण कक्ष, सगळं त्या दिवशी जसंच्या तसं चालवायचं. गर्दी कमी असेल, पण सांधे तेच असतील.

आणि सांधा तपासायला लाख माणसं लागतही नाहीत. घाटावरच्या शिपायानं वायरलेसवर 'गर्दी थांबवा' म्हटल्यापासून तीन किलोमीटर मागचं गेट प्रत्यक्ष बंद व्हायला किती मिनिटं लागतात? मधल्या चौकातून रुग्णवाहिका बाहेर काढायला किती? वीज गेली तर भोंगा किती वेळात चालू होतो? घड्याळ लावून मोजता येतं. गर्दीचं नियोजन कसं करावं याची पुस्तिका राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ सालीच काढलेली आहे. पण पुस्तिका वाचणं म्हणजे बॅगेवरचं लेबल वाचणं झालं. दाणे उगवून बघायचे राहतातच.

नाशिक लांब आहे, सप्ताह जवळ आहे

हे सगळं मोठ्या ठिकाणचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. आपल्या जिल्ह्यात महाशिवरात्रीला औंढा नागनाथची गर्दी असते, नर्सीला संत नामदेवांच्या दर्शनाला दिंड्या असतात, हिंगोलीचा दसरा असतो, शेगावची पालखी आपल्या सेनगावातून जाते. आणि सप्ताह, जत्रा, भंडारा नाही असं गाव दाखवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन घटना झाल्या. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रमातलं जेवण करून दोन हजारांच्या आसपास लोकांना विषबाधा झाली. दुसरी २० फेब्रुवारीची, एकादशीची. बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. बाहेर रस्त्यावर माणसं झोपवली, झाडाला दोऱ्या बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ते फोटो तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले.

भगर भिजली किंवा जुनी झाली की तिला बुरशी धरते, हे अन्न व औषध प्रशासन दर नवरात्रात आणि एकादशीला सांगतं. सुटं दळलेलं भगरपीठ घेऊ नका, पॅकबंद भगर घ्या, निवडून-धुवून ताजी शिजवा, असं ते सांगणं. इथं चाचणी म्हणजे काय? पूर्ण कढई चढवण्याआधी त्याच पोत्यातली, त्याच पाण्यात थोडी भगर शिजवायची. आदल्या दिवशी दोन-चार जाणत्या माणसांनी वास, रंग, चव बघायची. यानं सगळा धोका टळेल असं नाही, पण खवट झालेलं पोतं दोन हजार पात्रांवर जाण्याआधी बाजूला निघेल. आणि जवळच्या आरोग्य केंद्राला आधी कळवलेलं असलं तर सलाईन झाडाला टांगायची वेळ येणार नाही.

गावाचा मॉकपोल

सप्ताह किंवा जत्रेच्या आदल्या संध्याकाळी फक्त दोन तास काढा. कमिटीची माणसं, मंडपवाला, आचारी, लाईटवाला, पोलीस पाटील, आशाताई आणि ग्रामपंचायतीचा एक माणूस, सगळे एका जागी बोलवा. मग हे करून बघा :

- सगळे दिवे, भोंगे, पंखे एकाच वेळी लावा आणि एक तास चालू ठेवा. वायर हाताला गरम लागते का बघा. मग मेन बंद करा. जनरेटर किती मिनिटांत चालू होतो? डिझेल किती तासांचं आहे?
- मंडपाच्या वाटा मोजा. बायकांच्या बाजूनं बाहेर पडायला वेगळी वाट आहे का? पन्नास पोरं बसवा, भोंग्यावरून 'उठा' म्हणा आणि सगळे बाहेर पडायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा.
- गर्दीत मोबाईलला रेंज राहत नाही. फोन लागला नाही तर निरोप कोण नेणार? त्या माणसाचं नाव आत्ताच ठरवा.
- १०८ ची रुग्णवाहिका ज्या रस्त्यानं येईल त्या रस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉली चालवून बघा. अडली, म्हणजे रुग्णवाहिकाही अडणार. दुकानं मागं सरकवा.
- टाकीतलं पाणी आणि टँकरचं पाणी, दोन्हीत क्लोरीन टाकलं का ते ग्रामपंचायतीकडून तपासून घ्या.
- जवळपासच्या विहिरीला कठडा नसेल तर दोरी नको, लाकडाचं आडवं बांधा आणि जोर लावून ढकलून बघा.
- शेवटी कागद करा. काय तपासलं, काय बिघडलं, काय बदललं. खाली सगळ्यांच्या सह्या. मॉकपोलला सह्या लागतात, मग महाप्रसादाला का नको?

गावात दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, 'आतापर्यंत काही झालं नाही, आता काय होतंय.' मांढरदेवलाही २००५ पर्यंत लोक दर पौषात जाऊन सुखरूप येतच होते. दुसरा, 'शुभ कामाच्या आधी अभद्र बोलू नका.' कीर्तनकार महाराज सुद्धा उभं राहण्याआधी मृदंग नीट लागला का बघतात, टाळकऱ्यांचा सूर जुळवून घेतात. त्याला कुणी अपशकुन म्हणत नाही. त्याला सेवा म्हणतात.

विचारायचं काय

अधिकारी किंवा पुढारी 'तयारी पूर्ण झाली' असं सांगतील तेव्हा तीन प्रश्न विचारा. पूर्ण यंत्रणा एकत्र कधी चालवली? कुणासमोर चालवली? आणि त्यात काय बिघडलं?

तिसऱ्या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर समजा, चाचणी झालीच नाही. शंभर दाणे मांडले आणि शंभरच्या शंभर उगवले असं सांगणाऱ्या दुकानदाराकडून आपण बियाणं घेत नाही.

औंढ्याच्या महाशिवरात्रीआधी आणि पालखी येण्याआधी जिल्हा प्रशासन बैठका घेतं. त्या बैठकीच्या बातम्या आम्ही देतो, पुढंही देऊ. पण बैठकीनंतर एक दिवस जागेवर जाऊन पूर्ण रंगीत तालीम व्हावी, तिचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा, आणि सिंहस्थाला जाणाऱ्यांसाठी हिंगोली स्टेशनवरच मराठीत स्पष्ट घोषणा आणि परतीच्या गाडीची माहिती मिळावी, एवढी मागणी आपल्या तालुक्यातून जायला हरकत नाही. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. अर्ज साध्या कागदावर चालतो.